एक्सप्लेनर : दोन सर्व्हिस एकमेकींवर अडल्या, तर ॲप सुरू का होत नाही?

ऑर्डर सर्व्हिसला पेमेंट सर्व्हिस हवी, पेमेंटला ऑर्डर. मग आधी कोणती तयार होणार? जावाच्या स्प्रिंग बूटमध्ये नोव्हेंबर 2021च्या 2.6 आवृत्तीपासून असा गुंता आढळला की ॲप सुरूच होत नाही. म्हणजे काल चालणारे ॲप अपग्रेडनंतर अडू शकते.

‘डिपेन्डन्सी इंजेक्शन’ हे नाव मार्टिन फाउलर यांच्या 2004च्या लेखामुळे रूढ झाले. सर्व्हिसने लागणारा ऑब्जेक्ट स्वतः बनवायचा नाही. नोंदणी झाली की कंटेनर तो आणून देतो. कोणाला कोण लागते ते पाहून तयार करण्याचा क्रमही तोच ठरवतो. वर्तुळात मात्र पहिले कोणीच नसते.

पूर्वी फील्ड इंजेक्शन असेल तर स्प्रिंग अर्धवट तयार ऑब्जेक्ट पुढे करून वेळ निभावून नेत असे. कन्स्ट्रक्टरमध्ये ते तेव्हाही जमत नव्हते, आणि ते बरेच होते!

सेटिंग बदलून जुनी मुभा परत मिळते, ‘लेझी’ लावूनही भागते. पण ही मलमपट्टी. दोघींना लागणारे काम, उदाहरणार्थ ऑर्डरची स्थिती बदलणे, तिसऱ्या सर्व्हिसमध्ये हलवा. वर्तुळात कोण अडकले आहे, ती नावे एररमध्येच बाणांसह दिलेली असतात.