बारशाला विणलेला हत्ती

बारशाचे आमंत्रण आले की आमच्या पालीत अजूनही एखाद्या आजीचा किंवा मावशीचा हात सुईकडे वळतो. पूर्वी टोपरे, मोजे, पाळण्यावर टांगायचे चिमणाळे व्हायचे. हल्ली मोबाइलवर पाहून क्रोशाचे हत्ती, ससे, कासवे होतात. मला या भेटीचे मनापासून कौतुक आहे. दुकानातल्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, पण घरच्या हत्तीची तपासणी कोण करणार? ती विणणाऱ्या बाईनेच करायची.

नवजात बाळाला आठ ते बारा इंचांपर्यंतचेच बरे दिसते आणि फिकट गुलाबीपेक्षा काळे-पांढरे किंवा लाल ठसठशीत रंग त्याला लवकर कळतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते वस्तू पकडू लागते आणि पकडलेले सर्व काही थेट तोंडात जाते. म्हणून डोळ्यांना बटणे, मणी, टिकल्या नकोत. काळ्या दोऱ्याने भरतकाम करावे. घुंगरू तर अजिबात नको. तीन वर्षांखालील मुलांसाठी साधा हिशेब असा, की सव्वा इंच रुंदीच्या नळीत मावणारी वस्तू घशात अडकू शकते. हत्तीची सोंड, कान, शेपूट जोडून झाल्यावर जोर लावून ओढून बघा. विणताना लाजू नका, पण ओढताना मुळीच दया नको!

सुती दोरा उत्तम. केसाळ लोकरीचे तंतू बाळाच्या तोंडात जातात. मुके खांब घट्ट घालावेत, म्हणजे आतले भरण बाहेर येत नाही. सावरीचा कापूस आपल्याकडे सहज मिळतो, पण तो विणीतून उडतो आणि लाळेने भिजला की कोकणच्या पावसात वाळतच नाही, बुरशी धरतो. चिंचोके, तांदूळ भरू नयेत. धुता येणारे कृत्रिम तंतूंचे भरण बरे.

सुट्या धाग्याचे एक उदाहरण सांगतो. अडीच महिन्यांचे एक बाळ रात्रभर रडत होते. पोट दुखत असेल म्हणून घरच्यांनी हिंगाचा लेप लावला होता. सगळे कपडे काढून पाहिले तेव्हा उजव्या पायाचे एक बोट जांभळे होऊन सुजलेले दिसले. लोकरीच्या मोज्याच्या आत राहिलेल्या धाग्याचा त्याला फास बसला होता. धागा कापला आणि बोट वाचले. आईच्या गळलेल्या केसानेही असेच होते. खेळण्याचे सैल टाकेही बोट अडकवतात. तेव्हा धाग्यांची टोके आत ओवून पक्की करावीत आणि बाळ अकारण रडत असेल तर हातापायांची बोटे एकदा मोजून पाहावीत.

आता सर्वांत महत्त्वाचे. शिल्लक लोकर बहुधा जुन्या ट्रंकेत डांबरगोळ्यांबरोबर ठेवलेली असते. काही बाळांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, तांबड्या पेशींत जी-६-पीडी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. डांबरगोळीतले नॅफ्थलीन श्वासातून किंवा कातडीतून शरीरात गेले की अशा बाळाच्या पेशी भराभर फुटतात. बाळ पांढरे पडते, कावीळ चढते, लघवी काळ्या चहासारखी होते. कावीळ फार चढली तर मेंदूला कायमची इजा होते. बाळाला हा दोष आहे की नाही हे चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून अशी लोकर तान्ह्या बाळासाठी वापरूच नये, नवा दोरा आणावा. हेच गोधडी-दुपट्यांनाही लागू. बाळ अचानक पिवळे पडून मलूल झाले तर उद्याची वाट न पाहता जिल्हा रुग्णालय गाठावे.

विणून झालेला हत्ती देण्याआधी धुऊन, रंग जातो का ते पाहून, कडक उन्हात वाळवावा. पावसाळ्यात आठवडाभर ऊन नसते, तेव्हा पंख्याखाली पूर्ण वाळल्याशिवाय देऊ नये. आणि झोपलेल्या बाळाच्या पाळण्यात तो ठेवू नये. वर्षाच्या आतल्या बाळाच्या नाकातोंडाशी मऊ वस्तू आली तर ते ती बाजूला सारू शकत नाही. चिमणाळे हाताला लागणार नाही इतके उंच बांधावे, दोरी वीतभरापेक्षा लांब लोंबती ठेवू नये, आणि बाळ हातांवर छाती उचलू लागले, साधारण पाचव्या महिन्यात, की ते सोडून घ्यावे.