दैनंदिन प्रवासासाठी मोटारसायकलची निवड आणि विश्वसनीयतेची तुलना : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

वर्धा जिल्ह्यात वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर असे आठ तालुके आहेत. महाविद्यालये तालुक्याच्या ठिकाणी व अध्यापकांचे वास्तव्य बहुधा वर्धा शहरात, अशी स्थिती अनेक ठिकाणी आढळते. वर्धा, हिंगणघाट व पुलगाव ही गावे रेल्वेमार्गावर आहेत. परंतु पुलगाव-आर्वी हा नॅरोगेज मार्ग बंद पडल्याने आर्वी, आष्टी व कारंजा भागात एस.टी. किंवा स्वतःचे वाहन हाच आधार उरतो. २०२१-२२ मधील एस.टी. कर्मचाऱ्यांच्या प्रदीर्घ संपाच्या काळात तर अनेकांचा प्रवास केवळ दुचाकीवर अवलंबून होता. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकास घेतलेल्या तासिकांचेच मानधन मिळते. त्यामुळे गाडी रस्त्यात बंद पडणे ही त्याच्या दृष्टीने गैरसोय तर असतेच, शिवाय ते आर्थिक नुकसानही असते. असे असूनही गाडी घेताना मायलेज आणि किंमत यांचा जेवढा विचार होतो, तेवढा विश्वसनीयतेचा होत नाही. आणि झालाच तर तो ऐकीव मतांवर होतो. विश्वसनीयतेची तुलना कोणत्या आधारावर करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विश्वसनीयतेचा अर्थ :

ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काळ वा अंतरापर्यंत यंत्राने बिघाडाशिवाय काम करण्याची संभाव्यता म्हणजे विश्वसनीयता होय. या व्याख्येत अंतर आणि परिस्थिती हे दोन्ही घटक अनिवार्य आहेत. ‘ही गाडी चांगली चालते’ या विधानात दोन्हींचा उल्लेख नसतो. म्हणून असे विधान तुलनेसाठी अपुरे ठरते. टिकाऊपणा, मायलेज व मालकाचे समाधान या विश्वसनीयतेपासून भिन्न बाबी आहेत. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक नियतकालिकाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात चार वर्षे वयाच्या मोटारसायकलींमधील बिघाडाचे अनुमानित प्रमाण यामाहाबाबत ११ टक्के, सुझुकी व होंडाबाबत १२ टक्के, तर हार्ले-डेव्हिडसनबाबत २६ टक्के होते. तथापि हार्लेच्या मालकांचे समाधान मात्र उच्च प्रतीचे होते. अर्थात मालक गाडीवर खूश आहे, यावरून ती कमी बिघडते असा निष्कर्ष काढता येत नाही. तेथील मोठ्या इंजिनांच्या गाड्यांचे आकडे आपल्याकडील १०० ते १२५ सी.सी.च्या गाड्यांना लागू होत नाहीत. परंतु वय समान ठेवून व चाललेले अंतर लक्षात घेऊन तुलना करण्याची त्यांची पद्धत निश्चितच अनुकरणीय आहे.

तुलनेतील प्रमुख दोष :

‘गॅरेजमध्ये अमुकच गाड्या जास्त दिसतात’ हा युक्तिवाद सर्रास केला जातो. एका काल्पनिक उदाहरणाने त्यातील दोष स्पष्ट होईल. समजा, एखाद्या गावात ‘अ’ मॉडेलच्या ६०० व ‘ब’ मॉडेलच्या १०० गाड्या आहेत. एका महिन्यात ‘अ’च्या ३० आणि ‘ब’च्या १० गाड्या बिघडून आल्या. केवळ संख्या पाहिल्यास ‘अ’ वाईट वाटते. एकूण गाड्यांशी प्रमाण काढल्यास ‘अ’चे ५ टक्के व ‘ब’चे १० टक्के येते, म्हणजे ‘ब’ वाईट ठरते. आता ‘अ’ गाडी महिन्याला सरासरी ५०० कि.मी. आणि ‘ब’ गाडी १,५०० कि.मी. चालते असे समजल्यास ‘अ’मध्ये दर १०,००० कि.मी.ला एक, तर ‘ब’मध्ये दर १५,००० कि.मी.ला एक बिघाड होतो. म्हणजेच ‘ब’ अधिक विश्वसनीय ठरते. माहिती तीच असूनही भाजक बदलताच निष्कर्ष दोनदा उलटतो. दररोज लांबचा प्रवास करणाऱ्याने किलोमीटर हाच भाजक धरणे योग्य होय.

दुसरा दोष टिकून राहिलेल्या गाड्यांवरून मत बनविण्याचा आहे. वीस वर्षांची एखादी गाडी अद्याप धावताना दिसते. परंतु तिच्यासोबत विकल्या गेलेल्या व भंगारात गेलेल्या गाड्या दिसत नाहीत.

तिसरा दोष नावावर विसंबण्याचा आहे. जमनालाल बजाज यांची कर्मभूमी असल्याने वर्ध्यात ‘बजाज’ या नावाविषयी आपुलकी असणे स्वाभाविक आहे. मात्र आपुलकी हा पुरावा नव्हे. ‘स्प्लेंडर’ची गोष्टही याच प्रकारची आहे. १९९४ मध्ये आलेल्या या गाडीचे ९७.२ सी.सी.चे इंजिन मूलतः दीर्घकाळ तेच राहिल्याने मेकॅनिकला त्याची उत्तम माहिती झाली व सुटे भाग सर्वत्र मिळू लागले. परंतु १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली आणि कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. त्यामुळे जुन्या गाडीची कीर्ती नव्या गाडीस जशीच्या तशी जोडता येत नाही.

स्थानिक परिस्थिती :

वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. अशा उष्णतेत बॅटरीचे आयुष्य घटते व इंजिन ऑइलवर ताण येतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चेनमध्ये अडकतो, तर कापसाच्या हंगामात वर्दळीच्या कच्च्या रस्त्यांवरील धूळ एअर फिल्टर लवकर भरते. जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नसल्याने हा सर्व प्रवास इतर रस्त्यांवरूनच करावा लागतो. या दृष्टीने पूर्ण झाकलेली चेन, सहज काढता येणारा एअर फिल्टर आणि बाभळीच्या काट्याने हवा एकदम न जाऊ देणारे ट्यूबलेस टायर या बाबी महत्त्वाच्या ठरतात. बॅटरी अशक्त झाल्यास किक उपयोगी पडते. तथापि इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंपासही वीज लागत असल्याने बॅटरी पूर्ण संपल्यावर किकचा भरवसा धरता येत नाही.

बिघाडांचे वजन :

सर्व बिघाड सारखे नसतात. ब्रेक शू झिजणे वा चेन सैल होणे यांची पूर्वसूचना मिळते. क्लच केबल तुटल्यास किंवा पेट्रोल पंप बंद पडल्यास गाडी जागीच थांबते. दुरुस्तीस लागणारा काळही मोजला पाहिजे. एक गाडी वर्षात तीनदा बिघडून दर वेळी एका दिवसात दुरुस्त होत असेल, तर तीन दिवस जातात. दुसरी एकदाच बिघडली, पण सुटा भाग बाहेरून येण्यास आठ दिवस लागले, तर आठ दिवस जातात. म्हणून आपल्या तालुक्यात अधिकृत सर्व्हिस सेंटर व सुटे भाग आहेत की नाहीत, हे खरेदीपूर्वी प्रत्यक्ष पाहावे.

हमीपत्राचे वाचनही याच रीतीने व्हावे. वर्धा-हिंगणघाट असा रोजचा जाऊन-येऊन सुमारे ७० कि.मी. प्रवास वर्षातील २२० दिवस केल्यास १५,४०० कि.मी. होतात. हमी ‘५ वर्षे किंवा ७०,००० कि.मी., जे आधी पूर्ण होईल ते’ अशी असल्यास ती साडेचार वर्षांतच संपते. सर्व्हिसिंगचे वेळापत्रकही महिन्यांऐवजी किलोमीटरवर पाळावे लागते. ते न पाळता झालेला बिघाड गाडीच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

समारोप :

निवडीसाठी खात्रीची स्थानिक माहिती सहज उपलब्ध नसते. मात्र महाविद्यालयांना ती निर्माण करता येईल. दुचाकीने ये-जा करणाऱ्या सहकाऱ्यांनी गाडीचे मॉडेल व वर्ष, मीटरवरील किलोमीटर, बिघाडाचे स्वरूप, गाडी रस्त्यात थांबली का आणि किती दिवस बंद राहिली, एवढ्या नोंदी एका वहीत ठेवल्या तरी पुरे. असे २० जण वरील हिशेबाने वर्षात ३,०८,००० कि.मी. प्रवास करतील. दर १०,००० कि.मी.ला एक बिघाड धरल्यास सुमारे ३० नोंदी मिळतील. त्या चार मॉडेलमध्ये विभागल्यास प्रत्येकी सात-आठच येतात. एवढ्या संख्येत सात आणि नऊ यांतील फरक योगायोगाचा असू शकतो, दोन आणि पंधरा यांतील फरक मात्र दुर्लक्षिता येणार नाही. दोन-तीन महाविद्यालयांनी आपल्या नोंदी एकत्र केल्यास निष्कर्ष अधिक भक्कम होतील. नव्याने रुजू होणाऱ्या अध्यापकास शोरूममधील जाहिरातीपेक्षा ही वही अधिक उपयुक्त ठरेल, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.