तेल अडवणारा ओठ

सोयाबीनच्या मळणीत वाशिम जिल्ह्यातले लहान ट्रॅक्टर दिवसभर धुळीत चालतात. अशा इंजिनाखाली तेलाचा डाग दिसला, की आपण ऑइल सीलकडे बोट दाखवतो. पण फिरता दांडा बाहेर येतो आणि तेल आतच राहते, हे एरवी जमते कसे?

सीलचा रबरी ओठ दांड्यावर टेकलेला असतो. बारीक गोल स्प्रिंग त्याला आवळून धरते. तरीही दोघांमध्ये तेलाचा सुमारे १ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा थर असतो. तो नसता तर ओठ घर्षणाने करपला असता. ओठाचा उतार तेलाकडे चढा आणि हवेकडे सौम्य असतो. त्यामुळे दांडा फिरताना निसटू पाहणारे तेल पुन्हा आत ढकलले जाते.

म्हणूनच नवे सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे हवी. ओठाला तेल लावून सील चहूबाजूंनी सारखे ठोकावे. दांड्यावर नखाला लागेल अशी खाच असेल, तर नवे सीलही गळेल.

आणखी एक गोष्ट तपासू या. पिस्टनच्या कडेने निसटलेले वायू ब्रीदरवाटे बाहेर पडतात. धूळ व तेलाच्या चिकट्याने ती वाट बुजली, तर आतला दाब तेलाला सीलमधून बाहेर रेटतो. मग सील कितीदा बदलले तरी पैसे आणि ऐन हंगामातले दिवस वायाच!

गॅरेजमधून एक जुने सील मागून आणा. झिजून चपटी झालेली ओठाची धार मुलांना भिंगातून पाहू द्या.