'ड' जीवनसत्त्व : कमतरता कोणाला, पाकिटे कोणाला
(लेखमाला : दावा आणि पुरावा – लेखांक ७)

उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते आणि यकृत व मूत्रपिंड त्याला कामाचे रूप देतात. हे जीवनसत्त्व फारच कमी पडले तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. लहान मुलांना मुडदूस होतो, मोठ्यांची हाडे मऊ पडतात. याबद्दल वाद नाही. हचिसन आणि शहा या संशोधकांनी नाशिकमध्ये केलेली, १९२२ साली प्रसिद्ध झालेली पाहणी आजही मोलाची वाटते. खाण्यापिण्याची ददात नसलेल्या, पण पडदा पाळणाऱ्या घरांत त्यांना मुडदूस आढळला; निकृष्ट अन्नावर जगणारी, पण दिवसभर बाहेर वावरणारी गरिबांची मुले त्यातून बचावली होती.

वाद आहे तो यापुढच्या दाव्यांबद्दल. रक्तात 'ड' कमी असलेल्यांना हृदयविकार, कर्करोग, नैराश्य जास्त होते, असे अनेक पाहण्यांत दिसले आणि गोळ्या घेतल्या की हे आजार टळतील, असा निष्कर्ष घाईने काढला गेला. पण आजारी माणूस उन्हात कमी जातो, स्थूल माणसाच्या रक्तात 'ड' कमी आढळते, आणि शरीरात दाह असला की पातळी खाली येते. म्हणजे कमी आकडा हा आजाराचे कारण नसून परिणाम असू शकतो. याचा निवाडा चाचणीनेच होतो. अमेरिकेतील 'व्हायटल' चाचणीत २५,८७१ जणांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून निम्म्यांना रोज २,००० युनिट 'ड' दिले गेले. पाच वर्षांनंतरही नव्या कर्करोगांचे किंवा हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण घटले नाही. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार हाडे मोडण्याचेही नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे : त्या चाचणीतल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती, मग फायदा दिसणार कसा? आक्षेप खरा आहे, पण तो सरसकट गोळ्यांच्या बाजूने जात नाही. ज्याला कमी नाही त्याला वरून देऊन काही मिळत नाही, हेच तो सांगतो. दुसरा आक्षेप आपल्याकडचा : सावळी त्वचा, अंगभर कपडे, प्रदूषण, बंद खोलीतली कामे, त्यामुळे भारतात कमतरता सर्रास आहे. तीही नाकारण्याजोगी नाही. मात्र किती पातळीला कमतरता म्हणायचे, २० नॅनोग्रॅम की ३०, यावर तज्ज्ञांत वर्षानुवर्षे मतभेद होते. ३० चा आग्रह धरणाऱ्या अमेरिकेतील अंतःस्राव-तज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये तो सोडला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये, असे सांगितले.

'घेतले तर बिघडते काय?' हा प्रश्न मला सर्वांत धोकादायक वाटतो. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट दिल्यावर त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे कमी न होता वाढले. तो अभ्यास २०१० चा. आपल्याकडे ६०,००० युनिटचे पाकीट आठवड्याला एक, असे ठरावीक आठवडे डॉक्टर देतात. तेच मनाने महिनोन्‌महिने चालू ठेवले तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर बेतू शकते. प्रौढांची रोजची गरज भारतीय शिफारशीनुसार ६०० युनिट आहे.

खरी निकड आहे ती अंगावर पिणाऱ्या बाळांची. आईच्या दुधात 'ड' फार थोडे असते, म्हणून पहिले वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यावेत, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. प्रौढांच्या तपासण्यांवर होणाऱ्या खर्चाआधी हे थेंब प्रत्येक बाळापर्यंत पोहोचायला हवेत.