लोकगीतांचे कर्तृत्व आणि स्वामित्वधन

लोकगीताला कर्ता नसतो, हे विधान लोकसाहित्याच्या अभ्यासात वारंवार आढळते. ते अर्धेच खरे आहे. कर्ता नसणे आणि कर्त्याची नोंद नसणे या दोन भिन्न गोष्टी होत. आणि स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, कोणास मिळावे हा प्रश्न या भेदाशीच निगडित आहे.

कर्तृत्व नोंदविण्याची रीत मराठी परंपरेस अपरिचित नव्हती. शाहीर आपल्या कवनाच्या अखेरीस नाममुद्रा गुंफीत. ‘होनाजी बाळा’ ही तर जोडमुद्रा आहे : होनाजी शिलारखाने कवने रची आणि बाळा कारंजकर ती गाई. रचनाकार व गायक या दोघांनाही तीत स्थान आहे. मात्र मुद्रेने श्रेय लाभे, धनाचा हक्क नव्हे. शाहिराचा चरितार्थ बिदागीवर व आश्रयावर चाले. जात्यावरील ओवीस बहुधा मुद्राच नसते. एकीची ओवी दुसरीच्या ओठी जाताच पालटते आणि पहिलीचे नाव लोपते.

१९५७ च्या भारतीय कॉपीराइट अधिनियमाने ‘सांगीतिक कृती’ची जी व्याख्या केली, तीत स्वररचना छापलेली, लिहिलेली अथवा अन्य रीतीने रेखांकित असणे आवश्यक होते. केवळ मुखपरंपरेने चालत आलेली चाल तीत बसत नसे; परंतु तीच चाल कोणी स्वरलिपीत उतरवून नव्याने मांडली, तर त्या मांडणीपुरता हक्क सांगण्यास वाव राही. मूळ चालीपुढे ‘पारंपरिक’ हा शब्द येई आणि नाव व धन संयोजकाकडे जाई. १९९४ च्या दुरुस्तीने लेखनाची अट वगळली आणि गायक-वादकांस सादरीकरणावरील स्वतंत्र हक्क दिला. २०१२ च्या दुरुस्तीने सादरीकरणाच्या व्यापारी उपयोगाबद्दल त्यांस स्वामित्वधनाचा हक्कही मान्य केला. ज्या समूहाने गीत जतन केले, त्याचा सामूहिक हक्क मात्र या अधिनियमात नाही.

येथेच संग्राहकाची जबाबदारी सुरू होते. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, आणि त्यांसोबत गाणाऱ्या स्त्रियांची नावे व गावेही नोंदविली गेली. अशी नोंद असली, तरच गायिकेस अथवा तिच्या वारसांस काही मागता येते. निनावी ध्वनिमुद्रणात तो हक्क कायद्यात असूनही निष्फळ ठरतो.