पेठेचा कौल आणि नगराचा नकाशा

नगररचनेचा इतिहास लिहूं जाणारे बहुधा नकाशापासून आरंभ करितात, आणि नकाशा न सांपडल्यास त्या नगरास रचनाच नव्हती असें ठरवितात. आपल्या जुन्या पेठांविषयीं असा ग्रह पुष्कळांचा आहे. तो कितपत साधार आहे, व जुने कागद जमविणारांचा त्याशीं काय संबंध पोंचतो, हें थोडक्यांत दाखवावयाचें आहे.

आधीं नकाशा व मग नगर, याचें ठळक उदाहरण अमेरिकेचें. विल्यम पेन यानें १६८२ सालीं फिलाडेल्फियाची आंखणी काटकोनांत करविली. न्यूयॉर्कच्या आयुक्तांनीं १८११ सालीं मॅनहॅटन बेटावर लांबीच्या दिशेनें १२ हमरस्ते व त्यांस छेदणारे १५५ आडवे रस्ते कागदावर आंखले, तेव्हां त्यांतील बहुतेक भूमि शेतें व टेकड्या यांनींच व्यापिली होती. वस्ती मागाहून आली. टेकड्या खणून आणि ओढे बुजवून जमीन नकाशाबरहुकूम करण्यांत आली. सारख्या आकाराचे तुकडे विकावयास सोपे, हा या पद्धतीचा मोठा लाभ. पुढें १९०९ सालीं बर्नहॅम व बेनेट यांचा शिकागोचा प्रसिद्ध आराखडा छापला गेला.

योगायोग असा कीं, त्याच १९०९ सालीं म्हैसूरच्या शामशास्त्रींनीं कौटिलीय अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें. त्यांतील दुर्गनिवेशाच्या प्रकरणांत पूर्वपश्चिम ३ व दक्षिणोत्तर ३ राजमार्ग, १२ द्वारें, रस्त्यांच्या रुंदीचीं मापें आणि कोणी कोणत्या दिशेस राहावें याचे नियम आहेत. एका पंडितानें ग्रंथालयास दिलेल्या पोथीमुळें हा ग्रंथ उजेडांत आला. तथापि शास्त्रांत सांगितलें म्हणून प्रत्येक नगर तसेंच होतें असें मानणें हाही भ्रमच होय. प्रत्यक्ष नगरासाठीं प्रत्यक्ष कागद पाहिले पाहिजेत.

पुण्याचेंच पाहूं. कसबा जुना. शुक्रवार पेठ जिवाजीपंत खासगीवाले यांनीं वसविली. सदाशिव पेठेस सदाशिवरावभाऊंचें व नारायण पेठेस नारायणरावांचें नांव मिळालें. हनुमान पेठ नाना फडणीसांनीं वसविली, ती पुढें नाना पेठ म्हणून ओळखली जाऊं लागली. अशी पेठ वसवावयाची म्हणजे सरकारांतून कौल मिळे. आम्हां कोंकणस्थांस कौल म्हटला कीं देवाचा आठवतो, पण हा कौल म्हणजे सरकारचें अभयपत्र. त्यांत कांहीं वर्षें करांची सूट असे. शेटे व महाजन नेमले जात. त्यांनीं उदमी व कारागीर आणून वसवावे, बाजाराची व्यवस्था पाहावी, आणि त्याबद्दल वतनी हक्क घ्यावे. म्हणजे अमेरिकेंत रेघ आधीं व माणूस मागून. येथें वचन आधीं, माणूस त्यावर विसंबून आला, आणि रेघ त्याच्या मागून पडली. रचना होती, पण ती कौलांत लिहिलेली होती. तिच्यांत अरुंद बोळांसारखे दोष नव्हते असें मात्र नव्हे.

हा भेद ओळखणारा पाश्चात्त्य पंडित म्हणजे पॅट्रिक गेडीस. हे १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले व १९१९ ते १९२४ मुंबई विश्वविद्यालयांत समाजशास्त्राचे अध्यापक होते. आधीं पाहणी, मग आराखडा. आणि जुनें शहर सरसकट पाडूं नये, रोगट तेवढेंच कापावें, असें त्यांचें मत होतें. अमेरिकेंत ल्युइस मम्फर्ड यांनीं त्यांस गुरु मानिलें. येथें त्यांच्या मागून तो विभाग मालवणांत जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं चालविला. मालवण तेव्हां आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यांत होतें.

गेडीस सांगतात ती पाहणी भूतकाळाची करावयाची तर साधन कोणतें? राजेरजवाड्यांच्या सनदा नव्हेत. खरेदीपत्रें, गहाणखतें, वाटेच्या तंट्याचे महजर, घरांच्या याद्या हेंच तें साधन. प्रत्येक खरेदीपत्रांत चतुःसीमा असतात: पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस विहीर. शेजारशेजारच्या पांचसहा पत्रांच्या चतुःसीमा एकमेकींस जुळविल्या कीं गल्ली उभी राहते. आमच्याकडे पाखाडी पऱ्याला वळसा घालून कां जाते, याचें उत्तर भूमीच्या उतारांत मिळतें. पण ती कोणाच्या आवारांतून कां जाते, याचें उत्तर एखाद्या महजरांतच मिळावयाचें.

आणि हेच कागद आपण आधीं टाकितों. एका घरीं मीं एक रुमाल पाहिला होता. त्यांत दोन सनदा व गांवच्या बाजाराचीं पुष्कळशीं फुटकळ पत्रें होतीं. कांहीं वर्षांनीं पुन्हां गेलों, तों सनदा चौकटींत बसविलेल्या. बाकीचे कागद वाळवी लागली म्हणून खाडींत सोडले होते. पहिल्या भेटींतच चतुःसीमा उतरून घेतल्या असत्या तर तो बाजार आज कागदावर तरी राहिला असता. ही चूक माझीच.

म्हणून संग्राहकांस तीन सूचना. रुमाल फोडून वेंचक कागद घेऊं नयेत, तो सबंध ठेवावा. तो कोणत्या गांवच्या कोणत्या आळींतून आला हें वेष्टनावर लिहावें. आणि मूळ कागद मिळणार नसेल तेथें निदान चतुःसीमा, तिथि व साक्षी यांची नक्कल त्याच दिवशीं करावी. पावसाळा तोंडावर आला म्हणजे पुढच्या खेपेवर भिस्त ठेवूं नये.