जुनी मोटारसायकल : मोडीत काढावी की राखावी?

ग्रामीण महाराष्ट्रात मोटारसायकल हे केवळ हौसेचे वाहन कधीच नव्हते. दुधाच्या किटल्या संकलन केंद्रावर पोचविणे, आडवळणाच्या गावातील शाळा वेळेवर गाठणे, रात्री-अपरात्री रुग्णाला तालुक्याच्या दवाखान्यात नेणे ही कामे या दुचाकीने पिढ्यान् पिढ्या केली. म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून बाहेर पडू लागलेली जावा, १९७३ पासून तिलाच मिळालेले येझदी हे नाव, एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत, १९८५ साली आलेल्या हीरो होंडा व यामाहा आर. एक्स. १००, बजाज कंपनीची १९८६ मधील कावासाकी बजाज ही नावे आजही गावोगावी ओळखीची आहेत. यांपैकी बहुतेक गाड्यांचे उत्पादन बंद होऊन बराच काळ लोटला. म्हैसूरचा जुना कारखाना १९९६ मध्येच बंद पडला. तरीही गोठ्याच्या पडवीत, वाड्याच्या ओसरीवर किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात या गाड्या धूळ खात उभ्या असलेल्या दिसतात.

अशा गाडीचे काय करावे, हा प्रश्न केव्हा ना केव्हा तिच्या मालकापुढे उभा राहतो. उत्पादन बंद झालेल्या गाड्यांच्या सुट्या भागांना मागणी असते. त्यामुळे "अखंड गाडीपेक्षा तुकड्यांचे पैसे जास्त येतील" असा सल्ला सहज मिळतो. तो काही वेळा खराही असतो. परंतु निर्णय घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. दुरुस्ती पुढे ढकलता येते, विक्री थांबविता येते, पण मोडलेली गाडी पुन्हा उभी राहणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून मोडण्याचा विचार सर्वांत शेवटी व्हावा. त्यापूर्वी कागदपत्रे, सांगाडा, इंजिन आणि हिशेब या चार गोष्टी याच क्रमाने तपासल्या जाव्यात.

आधी कागद, मग गाडी

कायद्याच्या दृष्टीने मोटारसायकलीची ओळख तिच्या रंगावरून वा टाकीवरील नावावरून ठरत नाही. ती नोंदणी प्रमाणपत्र, चेसिस क्रमांक व इंजिन क्रमांक यांवरून ठरते. सांगाड्यावर, बहुधा हँडलच्या मानेपाशी, ठोकलेला क्रमांक स्वच्छ करून प्रमाणपत्राशी अक्षरशः पडताळून पाहावा. तो जुळत असेल, तर भंगार दिसणाऱ्या गाडीलाही मूल्य आहे. जुळत नसेल किंवा खोडलेला असेल, तर तिचा एकही भाग विकण्यापूर्वी परिवहन कार्यालयाचा सल्ला घेणे इष्ट ठरते. चोरीची मालमत्ता जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खाजगी मोटारसायकलीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते. त्यानंतर वाहनाची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत नमुना २५ मध्ये अर्ज करावयाचा असतो. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारसायकलीच्या नूतनीकरणाचे शुल्क १,००० रुपये झाले. वीस वर्षांवरील गाडीसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० रुपये करण्यात आले. याखेरीज महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण कराचीही आकारणी होते.

अनेक घरांत गाडी आजही दिवंगत वडिलांच्या किंवा काकांच्या नावावर असते. अशा वेळी वारसाने तीस दिवसांत मृत्यूची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास कळवावी आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करावा, अशी तरतूद आहे. ही मुदत उलटून गेली असली, तरी आधी नाव लावून घेणे आणि मगच पुढचे पाऊल टाकणे हाच सरळ मार्ग होय. जो कायदेशीर मालक नाही, त्याने केलेली विक्री किंवा मोडतोड पुढे भाऊबंदकीचे कारण ठरू शकते.

सांगाडा आणि इंजिन

कागद निर्दोष असतील, तर गाडीची परीक्षा सांगाड्यापासून करावी. रंग उडणे, मडगार्ड गंजणे, बैठकीचे कापड फाटणे हे वरवरचे दोष होत. हँडलच्या मानेजवळील जोड तडकला आहे काय, नळी वाकली आहे काय, पूर्वी झालेल्या अपघातानंतर तेथे वेल्डिंग केले आहे काय, हे पाहणे महत्त्वाचे. दोन्ही चाके एका रेषेत येतात की नाही, हे लांब दोरी ताणून घरच्या घरी समजू शकते. सांगाडा तडकलेला वा वाकलेला असेल, तर ती गाडी रस्त्यावर आणणे धोक्याचे असते. अशा गाडीबाबत मोडीचा विचार रास्त ठरतो.

बंद पडलेले इंजिन मात्र निकामी झाले असे लगेच समजू नये. जावा, येझदी, राजदूत यांसारख्या दोन-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. गाडी अनेक वर्षे उभी राहिली की पेट्रोल उडून जाते, ओलाव्याने पिस्टनच्या कड्या सिलिंडरला चिकटतात आणि किक खाली जात नाही. यालाच इंजिन 'जाम' होणे म्हणतात. स्पार्क प्लग काढून त्या छिद्रातून थोडे पातळ तेल सोडावे, काही दिवस थांबावे व मग गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून मागचे चाक हलक्या हाताने पुढेमागे करावे. पुष्कळदा एवढ्याने पिस्टन सुटतो. किकवर जोर देणे किंवा हातोडा चालविणे हे मात्र कटाक्षाने टाळावे.

पिस्टन सुटल्यावरही दोन भागांची तपासणी आवश्यक असते. पहिला भाग म्हणजे क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील. दोन-स्ट्रोक इंजिनात क्रँकची पेटी हवाबंद असावी लागते. सील कडक होऊन तडकले की बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल-तेलाचे प्रमाण घटते आणि इंजिन तापून पुन्हा जाम होते. भाग छोटा असला, तरी तो बदलण्यासाठी बहुधा इंजिन उतरवावे लागते. दुसरा भाग म्हणजे क्रँक व कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग. त्यावर गंज बसला असेल, तर क्रँक पुन्हा बांधून घ्यावा लागतो आणि दुरुस्तीतील मोठा खर्च येथेच होतो. सिलिंडर घासला गेला असेल, तर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसविता येतो. मात्र आधीच शेवटच्या मापापर्यंत बोअर झालेल्या सिलिंडरला ही सोय राहत नाही. हा सर्व अंदाज अनुभवी मिस्त्रीकडून लेखी घ्यावा, आणि जो मिस्त्री स्वतः सुटे भाग विकत घेऊ इच्छितो त्याच्या एकट्याच्या मतावर विसंबू नये.

हिशेबाची रीत

निर्णयात चूक होते ती बहुधा हिशेबात. सुट्या भागांच्या चढ्या किमतींची यादी केली जाते, तिची बेरीज होते आणि ती बेरीज हाती येणारी रक्कम समजली जाते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सर्व भागांची यादी २४,००० रुपयांची झाली असे समजा. त्यांतील टाकी, कार्बोरेटर, सायलेन्सर, दिवा, गिअर अशा भागांना गिऱ्हाईक लवकर मिळते. वाकलेल्या रिम, झिजलेल्या चेनचक्री व गंजलेले मडगार्ड कोणी घेत नाही. वर्षभरात निम्मेच भाग विकले गेले, तर हाती येतात १२,००० रुपये. त्यातून मोडण्याची मजुरी, वाहतूक आणि बांधाबांध यांचे ३,००० रुपये वजा केले की उरतात ९,०००. शिवाय उरलेले भाग घराची जागा अडवून बसतात, ते वेगळेच. तीच गाडी आहे त्या स्थितीत, कागदांसह १४,००० रुपयांना जात असेल, तर मोडण्यात तोटा आहे हे उघड होते.

दुरुस्तीचा हिशेबही इतक्याच काटेकोरपणे मांडावा. १८,००० रुपयांची दुरुस्ती आणि ४,००० रुपयांचे शुल्क व कर यांनंतर गाडीस ४०,००० रुपये येणार असतील, तर १८,००० रुपये पदरात पडतात. पण ४०,०००च्या जागी ३०,०००च आले, तर उरतात केवळ ८,०००, म्हणजे अखंड विक्रीपेक्षाही कमी. हे आकडे केवळ रीत समजण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष भाव ज्या त्या गावी, ज्या त्या गाडीप्रमाणे काढावेत. मात्र "आहे तशी", "दुरुस्त करून" आणि "तुकड्यांनी" असे तिन्ही रकाने भरल्यावाचून निर्णय घेऊ नये, हे सूत्र सर्वत्र लागू पडते.

यात आणखी एक बाब मोलाची आहे. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. सांगाडा वा इंजिन यांत मोठे फेरफार झालेल्या वाहनास ती नोंदणी मिळत नाही. अशी वाहने दैनंदिन वापरासाठी नसून प्रदर्शन, फेरी इत्यादींसाठी असतात. म्हणजे १९७०च्या सुमाराची एखादी जावा मूळ इंजिनासह शाबूत असेल, तर तिचे खरे मूल्य तिच्या अखंडतेतच आहे. तिचे इंजिन एकाला आणि टाकी दुसऱ्याला विकली की ते मूल्य कायमचे संपते.

मोडीचा कायदेशीर मार्ग

सर्व तपासणीअंती गाडी राखण्याजोगी नाही असे ठरले, तर पुढील मार्ग कायद्याने आखून दिलेला आहे. वाहन नष्ट झाले वा कायमचे निकामी झाले, तर अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवून नोंदणी प्रमाणपत्र परत करावयाचे असते. सप्टेंबर २०२१ मध्ये नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रांविषयीचे नियम अमलात आले. अशा केंद्रात वाहन जमा केल्यावर ठेव प्रमाणपत्र मिळते. त्या आधारे नव्या खाजगी वाहनाच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्रीय नियमांत आहे.

१ एप्रिल २०२५ पासून पर्यावरण संरक्षण कायद्याखालील आयुर्मान संपलेल्या वाहनांविषयीचे नियमही लागू झाले. त्यांनुसार, ज्याची नोंदणी वैध राहिलेली नाही अथवा जे मालकाने स्वतःच टाकाऊ म्हणून जाहीर केले आहे, असे वाहन १८० दिवसांच्या आत नेमून दिलेल्या संकलन केंद्रात किंवा मोडणी केंद्रात जमा करण्याची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आहे. यामागील कारण समजण्याजोगे आहे. जुन्या बॅटरीतील शिसे व आम्ल, गिअरपेटीतील जळके तेल, जुन्या ब्रेक-पट्ट्यांतील ॲस्बेस्टॉस ही द्रव्ये अंगणात वा ओढ्याकाठी सांडली, तर माती, विहीर आणि काम करणाऱ्याची फुप्फुसे या सर्वांनाच अपाय होतो. तात्पर्य, अंगणातच गाडी मोडून तुकडे विकण्याची पूर्वीची मोकळीक आता राहिलेली नाही. अखंड विक्री करावयाची असेल, तर ती नोंदणी जिवंत असतानाच उरकावी.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. सांगाडा आणि नोंदणी पुस्तक भंगारवाल्याच्या हाती देऊन मालक निश्चिंत होतो, परंतु शासनदरबारी गाडी त्याच्याच नावावर राहते. उद्या त्या क्रमांकाची गाडी रस्त्यावर येऊन अपघात झाला, तर नुकसानभरपाईसाठी नोंदणीकृत मालकच जबाबदार धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निर्णयात हे तत्त्व स्पष्ट केले आहे. म्हणून गाडी विकली असल्यास नमुना २९ व ३० भरून हस्तांतरण पूर्ण करावे, आणि मोडली असल्यास नोंदणी रद्द झाल्याचा लेखी पुरावा जपून ठेवावा.

पंचायतींच्या व शासकीय गाड्या

वरील पर्याय खाजगी मालकांसाठी आहेत. शासकीय विभाग, नगरपालिका, पंचायती, सार्वजनिक उपक्रम आणि स्वायत्त संस्था यांच्या वाहनांबाबत निवडीला वाव उरलेला नाही. केंद्र शासनाच्या जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२३ पासून अशा वाहनांची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षांनी संपुष्टात येते. त्यांची विल्हेवाट नोंदणीकृत मोडणी केंद्रामार्फतच लावावी लागते. कार्यालयाच्या आवारात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या मोटारसायकलीचे चाक वा कार्बोरेटर परस्पर काढून दुसऱ्या गाडीस लावणे हे काटकसरीचे वाटले, तरी नियमास धरून नाही. अशा गाडीची जडवस्तू संग्रह नोंदवहीत पडताळणी करून, रीतसर निर्लेखन करून, ती यादीप्रमाणे सर्व भागांसह केंद्राच्या स्वाधीन करणे हे संबंधितांचे कर्तव्य ठरते.

खाजगी मालकांनाही पंचायत सदस्य व शिक्षक मोठे साहाय्य करू शकतात. नोंदणीची मुदत कधी संपते, वारसाचे नाव कसे लावावे, हस्तांतरणाचा कोणता नमुना भरावा एवढी माहिती ग्रामसभेत किंवा चावडीवर दिली, तरी पुष्कळ घरे नुकसानीतून व कोर्टकचेरीतून वाचतील. गाडी चालू करायची, विकायची की मोडणी केंद्राच्या हवाली करायची, हा निर्णय अखेर मालकाचाच. तो पाना हातात घेण्यापूर्वी, कागद समोर ठेवून आणि हिशेब मांडून झालेला असावा.